सोसायटीत पॉइंट नाही, बाहेर चार्जरवर रांग: इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतात. ऑफिस महाप्याला, रोजचं येणं-जाणं 50 किलोमीटरच्या आसपास. टाटा पंच ईव्ही घ्यायची आहे. सोसायटी जुनी, पार्किंगमध्ये पॉइंट नाही, कमिटी "बघू" म्हणून गप्प बसली आहे. ॲपच्या नकाशावर घराभोवती चार्जरच चार्जर दिसतात. पण दोन शनिवारी संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिलं तर सगळीकडे गाड्या उभ्या, आणि एका ठिकाणी ॲपमध्ये हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद. "एवढे चार्जर असून ही गर्दी कशाची? आणि या भरवशावर गाडी घ्यावी का?"

मी गेली सहा वर्षं ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात चार्जर बसवतो आणि त्यांची देखभाल बघतो. त्याआधी बरीच वर्षं इमारतींच्या वायरिंगची कामं केली. त्यामुळे रस्त्यावरचा चार्जर आणि सोसायटीची मीटर रूम, दोन्ही रोजच्या बघण्यातले.

आधी उत्तर देतो, मग कारणं. पार्किंगमध्ये 15 अँपिअरचा एक साधा पॉइंट मिळणार असेल तर गाडी खुशाल घ्या. तो मिळत नसेल तर महाप्याच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये सोय होते का ते विचारा. आठ-नऊ तास गाडी तिथे उभीच असते. दोन्हीकडे साफ नकार आला तर गाडी चालेल, पण आठवड्यातून दोन-तीनदा तुम्हाला चार्जरच्या वेळेप्रमाणे दिवस लावावा लागेल. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर तो ताण मी घ्यायला सांगणार नाही.

आता गर्दीचं. चार्जर कमी आहेत म्हणून रांगा लागतात, हे अर्धंच खरं आहे. माजिवड्याच्या ज्या चार्जरवर तुम्ही शनिवारी आठला रांग पाहिलीत, तिथेच मंगळवारी सकाळी साडेसहाला जा. दोन्ही गन, म्हणजे गाडीत लावायचे चार्जरचे प्लग, जागेवर टांगलेल्या दिसतील. दुपारी दोनची लोकल रिकामी धावते म्हणून सकाळी आठच्या लोकलमधली चेंगराचेंगरी कमी होत नाही, तसंच हे आहे. घरी पॉइंट नसलेली माणसं ऑफिसातून परतताना गाडी लावतात, म्हणजे संध्याकाळी सात ते रात्री अकरा. त्यात शनिवार-रविवार मॉलला येणाऱ्यांची भर पडते. दिवसभराची सरासरी काढली तर तोच चार्जर बराच वेळ रिकामा असतो, म्हणून कंपनीला तिथे आणखी गन लावणं परवडत नाही. 60 किलोवॅटचा एक चार्जर वाढवायचा म्हणजे तेवढा भार मंजूर करून घ्या, ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे का बघा, नसेल तर नवा बसवा. आणि गाडी येवो न येवो, बिलातला स्थिर आकार दर महिन्याला भरा.

केंद्राच्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 2030 पर्यंत शहरात प्रत्येक 1 किलोमीटर बाय 1 किलोमीटरच्या चौकोनात निदान एक चार्जिंग स्टेशन असावं असं उद्दिष्ट आहे. आधीच्या 2022 च्या सूचनांत हा चौकोन 3 बाय 3 चा होता. पाऊल चांगलं आहे, मला ते मनापासून हवं आहे. पण त्यात स्टेशनं मोजली जातात. तुम्हाला मोजायची आहे ती तुमच्या वेळेला मोकळी, चालू असलेली गन. नकाशावर पाच ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिकाणी एकच गन आहे, तर ते पाच ठिपके तुम्हाला वाटतात तेवढे उपयोगाचे नाहीत.

हे जरा उलगडून सांगतो, कारण चार्जर निवडताना लोक इथेच चुकतात. रांगेचं एक जुनं गणित आहे. गाड्या आपापल्या मर्जीने कधीही येतात आणि एका चार्जला सरासरी 40 मिनिटं लागतात, असं धरा. गन एकच असेल आणि ती निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर नव्याने येणाऱ्याला सरासरी 40 मिनिटं थांबावं लागतं. तेवढीच व्यग्रता ठेवून एकाच जागी दोन गन असतील तर थांबणं 13 मिनिटांवर येतं, चार असतील तर चारेक मिनिटांवर. व्यग्रता 80 टक्क्यांवर गेली की एका गनवर सरासरी 160 मिनिटं, दोनवर 71, चारवर 30. हे कागदावरचं गणित आहे. प्रत्यक्षात माणूस रांग बघून पुढे निघून जातो. पण त्यातून निघणारी गोष्ट मी रोज डोळ्यांनी पाहतो: घराशेजारची एकटी गन सोडा आणि दोन-तीन किलोमीटर लांब, चार-सहा गन एकत्र असलेल्या जागी जा. तिथे एखादी बिघडली तरी तुमची संध्याकाळ वाया जात नाही.

गन मोजताना आणखी एक बघा. पुष्कळ चार्जर एक डबा, दोन गन असे असतात आणि डब्याची ताकद दोघांत वाटली जाते. 60 किलोवॅटच्या डब्यावर शेजारी दुसरी गाडी लागली की प्रत्येकीला 30 उरतात. शिवाय चार्जरवर 60 किंवा 120 लिहिलंय म्हणून गाडी तेवढं घेत नाही. किती घ्यायचं ते गाडी ठरवते. तुमच्या पंचला 120 च्या गनचा 50-60 च्या गनपेक्षा काही जास्त फायदा नाही. मोठ्या बॅटरीच्या नव्या गाड्या 100 च्या वर घेतात, त्यांना ती जागा सोडली तर त्या लवकर निघतात आणि रांग हलते. एमजी कॉमेटसारख्या गाडीला तर डीसी गनची, म्हणजे थेट बॅटरीत वेगाने वीज भरणाऱ्या गनची, सोयच नाही. मॉलमध्ये एसी करंटचे, म्हणजे घरच्यासारख्या विजेवर हळू चार्ज करणारे, टाइप 2 पॉइंट असतात ते अशा गाड्यांसाठी, आणि दोन-तीन तास सिनेमा-जेवणाला थांबणाऱ्यांसाठी.

आता मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट. गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी रात्री साडेनऊला मी एका दोन गनच्या चार्जरवर दुरुस्तीला गेलो होतो. एक गन माझ्याकडे उघडलेली. दुसरीवर एक खासगी गाडी, स्क्रीनवर 97 टक्के आणि खाली 5.8 किलोवॅट. मालक समोरच्या हॉटेलात जेवायला. रांगेत एक कॅब; हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याची गाडी. ड्रायव्हरदादांच्या गाडीत 11 टक्के. ते एसी बंद करून, काचा थोड्या खाली घेऊन, आत येणारं पाणी फडक्याने टिपत बसले होते. 97 वरून 100 वर जायला त्या गाडीने 20 मिनिटांच्या वर घेतली. मग गन तशीच अडकून राहिली, कारण मालक आले सव्वादहा उलटून गेल्यावर. तेवढ्या वेळात त्या कॅबचा निम्म्याहून जास्त चार्ज झाला असता. एका माणसाच्या रात्रीच्या कमाईतला तो पाऊण तास होता आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्याला मिळाले ते पाच-दहा किलोमीटर.

बॅटरी भरत आली की सेलचं व्होल्टेज मर्यादेला पोचतं आणि बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम करंट कमी करत नेते. म्हणून साधारण 80 टक्क्यांपर्यंत गाडी भराभर घेते, पुढचे 20 टक्के रडतखडत. डीसी गनवर 80 झाले की गाडी काढायची. समोरच्या रस्त्यावर पुढचा चार्जर खरंच लांब असेल तेव्हाच थांबायचं. तुमच्या पंचची बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, प्रकारची आहे. तिला अधूनमधून 100 पर्यंत न्यावं लागतं, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकायला लागतो. पण ते काम हळू पॉइंटवर रात्री करायचं, रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नाही. आणि चार्जिंगला लावून कुठे जाणार असाल तर डॅशबोर्डवर फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. दुसऱ्याची गन ओढून काढायचा प्रयत्न करू नका. ती गाडीत लॉक असते, ओढून फक्त लॉकची पिन मोडते. ही मोडलेली लॉकं मीच बदलतो.

हिरवा दिसणारा चार्जर बंद का निघतो, याचं उत्तर असं. चार्जर दर थोड्या वेळाने कंपनीच्या सर्व्हरला आपली अवस्था कळवतो: मोकळा, चार्ज चालू, चार्ज संपला पण गन अडकलेली, बिघडलेला, असं. ॲप तेच दाखवतं. चार्जरच्या समोर पेट्रोलवाली गाडी आडवी लावली आहे हे चार्जरला दिसत नाही. त्याच्या लेखी तो मोकळाच. बेसमेंटमध्ये सिमची रेंज गेली तर काही ॲपमध्ये शेवटची अवस्थाच तशी राहते. आणि काही बिघाड असे असतात की गाडी जोडेपर्यंत ते कळतच नाहीत. नवी मुंबईतल्या एका मॉलमध्ये मी असा चार्जर पाहिला. आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, जळून चिकटलेला, पण गाडी जोडल्याशिवाय चार्जर ती तपासणी करतच नव्हता. ॲपमध्ये तो कित्येक दिवस हिरवा होता आणि रोज कोणी ना कोणी तीन टक्के, पाच टक्के घेऊन त्याच्यासमोर येऊन उभं राहत होतं. त्या कंपनीला मी तेव्हाच लेखी कळवलं होतं की निदान त्याला ॲपवरून तरी काढा. लोकांचा विश्वास अशाने उडतो, आणि तो परत यायला फार वेळ लागतो.

म्हणून ॲपच्या रंगावर जाऊ नका. त्या चार्जरवर शेवटचा यशस्वी चार्ज कधी झाला, हे कुठे दिसत असेल तर ते बघा. लोकांनी टाकलेले ताजे फोटो आणि शेरे बघा. काल रात्री कोणी तिथे चार्ज केलाय हे कळलं तर तो चालू आहे असं धरायला हरकत नाही. नेहमीच्या दोन-तीन जागांच्या वॉचमनचा किंवा पार्किंगवाल्याचा नंबर घेऊन ठेवा. एक फोन केला की "साहेब, एक लागलीये, दुसरी खाली आहे" हे ॲपपेक्षा खात्रीने कळतं. ज्या कंपनीचे चार्जर जास्त वापरता तिचं आरएफआयडी कार्ड, म्हणजे चार्जरला टेकवायचं कार्ड, मागवा. बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नसेल तेव्हा बहुतेक ठिकाणी कार्डाने गन सुरू होते.

आणि चार्जर पूर्ण मेलेला वाटला तर लगेच मागे फिरू नका. त्यावरचं लाल इमर्जन्सी बटण बघा. येता-जाता कोणीतरी, बहुतेकदा मुलं, ते दाबून जातात आणि ते आतच अडकून राहतं. हेल्पलाइनला फोन करून "बटण दाबलेलं दिसतंय" एवढं सांगा. त्यांनी हो म्हटलं की बटण फिरवून बाहेर घ्यायचं, ते लांबून चार्जर पुन्हा चालू करतात. विचारल्याशिवाय मात्र हात लावू नका, खरंच काही झालं असेल म्हणूनही ते दाबलेलं असू शकतं. मे महिन्यात भर दुपारी उघड्यावरचा चार्जर गरम होऊन स्वतःच ताकद कमी करतो, तो बिघाड नव्हे.

कॅबवाल्यांबद्दल लोक तक्रारीच्या सुरात बोलतात, ते मला पटत नाही. त्यांच्याकडे पार्किंग नाही, रात्री गाडी लावायला पॉइंट नाही. सार्वजनिक चार्जर हाच त्यांचा पेट्रोल पंप. त्यांची वेळ ओळखून घ्या: दुपारी शिफ्ट बदलायच्या सुमारास आणि मध्यरात्रीनंतर. त्या वेळा टाळल्या तर त्यांनाही बरं, तुम्हालाही. सकाळी पाच ते आठ आणि कामाच्या दिवशी अकरा-साडेअकराच्या सुमारास मला सगळ्यात कमी गर्दी दिसते.

सुट्ट्यांचं गणित निराळं. शनिवारी सकाळी पुण्याला किंवा लोणावळ्याला निघणारे खारघर, कळंबोली, पनवेलला एकदम येऊन धडकतात, आणि रविवारी संध्याकाळी हाच लोंढा एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये असतो. गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस पनवेलपासून गोवा महामार्गावरचे चार्जर धरायला मिळत नाहीत. अशा वेळी घरून पूर्ण भरून निघायचं आणि पहिल्या चार्जरवर थांबायचंच नाही. बोरघाट चढताना भीती वाटते, पण हिशोब फार मोठा नाही. दीड-पावणेदोन टनांची गाडी साडेपाचशे मीटर वर न्यायला नेहमीच्या खर्चाशिवाय अडीच-तीन युनिट जास्त लागतात, आणि परत उतरताना त्यातली काही रीजनमधून, म्हणजे वेग रोखताना मोटरच वीज बनवते त्यातून, परत मिळतात.

घरी पॉइंट अजिबातच झाला नाही तर तुमचा आठवडा कसा जाईल, तेही मांडतो. सहा दिवस 50 किलोमीटर म्हणजे 300. शहरात युनिटला 7 किलोमीटर धरले तर साधारण 43 युनिट. 35 युनिटची बॅटरी असेल तर 10 ते 80 टक्के म्हणजे एका वेळी साडेचोवीस युनिट, आठवड्याला दोन फेऱ्या. 25 युनिटची असेल तर तीन. प्रत्येक फेरीला तासभर, तोही लागलीच गन मिळाली तर. म्हणून घरी पॉइंट नसलेल्या माणसाने छोटी बॅटरी घेऊन पैसे वाचवू नयेत. बाहेरच्या दरावर 18 टक्के जीएसटी असतो हेही हिशोबात धरा.

आता मुख्य काम: सोसायटीचा पॉइंट. तुमच्या 50 किलोमीटरला रोज सातेक युनिट लागतात. 15 अँपिअरच्या पॉइंटवर रात्री तीन तासांच्या आसपास झोपेत काम संपतं. याला फास्ट चार्जर लागत नाही, ट्रान्सफॉर्मर लागत नाही, लाखांचा खर्च लागत नाही. कमिटीला भीती असते ती इथेच, आणि ती कोणी नीट समजावून काढत नाही. "चार्जर" शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांसमोर मॉलमधलं कपाट येतं. त्यांना सांगा, गीझर चालतो तेवढाच भार, तोही रात्री अकरानंतर, आणि बिल माझ्या मीटरवर.

कायद्याची अडचण नाही. केंद्राच्या 2022 च्या सूचनांतच स्वतःच्या घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला परवानगी स्पष्ट दिली होती. महाराष्ट्राच्या 2021 च्या धोरणात नव्या निवासी इमारतींत 20 टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवण्याची तरतूद आली. तुमची इमारत जुनी, त्यामुळे ती लागू नाही, पण सरकारची दिशा कोणती हे कमिटीला दाखवता येतं. स्वतःच्या मीटरवरून लाइन नको असेल तर महावितरणकडे वाहन चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग आहे, सोसायटी त्यात एक सामायिक जोडणी घेऊन सब-मीटर लावू शकते. पाच-सहा जणांना गाड्या घ्यायच्या असतील तर हाच मार्ग बरा.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि त्याबरोबर वायरमनचा नकाशा जोडा. तोंडी मागणीला कमिटी तोंडीच उत्तर देते. कामात तीन गोष्टींवर तडजोड नको. मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत 60 मीटर अंतर असेल तर 2.5 चौरस मिलिमीटरची वायर चालणार नाही, व्होल्टेज फार पडतं आणि वायर रात्रभर तापत राहते. तांब्याची 4 ची केबल, पाइपातून. पॉइंटला स्वतंत्र एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. आणि अर्थिंग. जुन्या इमारतींत अर्थिंग कागदावर असतं, जमिनीत गंजून गेलेलं. गाडीबरोबर येणारा चार्जर ते तपासतो आणि अर्थिंग नीट नसेल तर लाल दिवा लावून चार्ज नाकारतो. लोकांना वाटतं गाडी बिघडली. कोणी न्यूट्रल आणि अर्थ जोडून द्यायचा "उपाय" सांगितला तर त्याला घरी पाठवा. न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यावर करंट येतो, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी मूल त्या गाडीला हात लावतं.

तुमच्या पार्किंगपासून मीटर रूमपर्यंतचं अंतर टेपने मोजा, भिंतीच्या कडेने, केबल जशी जाईल तसं. विजेच्या बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते बघा. घरातले एसी आणि गीझर किती, ते लिहून काढा. या तीन गोष्टी कळवल्यात तर भार वाढवून घ्यावा लागेल की नाही आणि केबल किती जाडीची लागेल, हे मी सांगू शकेन. कमिटीच्या बैठकीत ठेवायला अर्जाचा कच्चा मजकूरही त्याबरोबर पाठवतो.